सहा गोदामं आणि एक हिरवा दिवा

नाही, पण मला सांगा, माणसाने किती भोळं असावं? मला वाटलं होतं, चार वर्षं एस्टोनियात, तालिनला नेटवर्कचं शिकून, बर्फात नाक लाल करून घेऊन मी भिवंडीला परत येईन, तेव्हा माझं भांडण होईल ते वायरशी, विजेशी, उंदरांशी... उंदरांसाठी तर मी जाड पाइप घेऊन ठेवले होते! आणि झालं काय? वायर गुणी, वीज गुणी, उंदीरसुद्धा समजूतदार निघाले. माझा घात केला तो हिरव्या दिव्याने!

थांबा, नीट सांगते. मानकोलीपासून अंजूरपर्यंत एका कंपनीची सहा गोदामं आहेत, मोठं ऑफिस पुण्याला. पुण्याच्या साहेबांना बसल्या जागी बघायचं असतं की कुठल्या गोदामात नेट कसं पळतंय. आता पुण्याचे संगणक थेट गोदामात शिरू शकत नाहीत, सुरक्षेसाठी दार बंद. म्हणून मधे लागतो प्रॉक्सी डीमन! नाव भयंकर, काम पोस्टमनचं. पडद्यामागे सतत जागा असलेला एक छोटा प्रोग्राम. पुणं विचारतं, 'अंजूर कसं आहे?' हा अंजूरच्या भिंतीवर मी लावलेल्या छोट्या डब्याला विचारतो, डबा तिथलं नेट मोजतो, उत्तर देतो, हा ते पुण्याला पोचवतो. नेट चांगलं तर स्क्रीनवर हिरवा दिवा, वाईट तर लाल. स्वतःचं एक अक्षर मधे घालत नाही हो! मला तर तो आदर्श नागरिक वाटायचा. मी पुण्याच्या मीटिंगमध्ये हात उंच करून म्हणालेसुद्धा, "स्क्रीन खोटं बोलत नाही!" टाळ्या पडल्या. माझ्या या यंत्रणेला एक महिन्याची ट्रायल मिळाली. आमचे पप्पा, नागसेन रोकडे, एसटी डेपोत मेकॅनिक, त्यांनी डेपोभर सांगितलं, "आमची धम्मदिना गावातच राहणार, परदेशात परत जाणार नाही."

पहिल्या आठवड्यात मी बसायचे ते मानकोलीच्या गोदामाचं ऑफिस हिरवं, बाकी सगळीकडे लाल, लाल, लाल! पुण्याहून फोन, फोनवर फोन. आणि मग एका सोमवारी... सहाच्या सहा हिरवे. मी डोळे चोळले. स्क्रीन बंद करून चालू केली. दिवा? हिरवा! तुम्हाला सांगते, मी पेढे वाटले! बारा दिवस मी त्या खुर्चीतून हलले नाही, जेवणाचा डबासुद्धा स्क्रीनकडे बघत खाल्ला. अहो, इतकं सुंदर हिरवं मी एस्टोनियाच्या जंगलातही बघितलं नव्हतं!

तेराव्या दिवशी दुपारी दारात एक बाई. घामाघूम. अंजूरच्या गोदामात खोके स्कॅन करायचं काम करणारी तुळजा. आल्या आल्या म्हणते,

"मॅडम, तो तुमचा दिवा जरा लाल करा ना!"

मी म्हटलं, "अहो, असा कसा लाल करू? तो खरं तेच दाखवतो."

"खरं? माझं मशीन गोल गोल फिरतंय सकालपासून, एक खोका घ्यायला धा मिन्टं. सर बोलतात, नेट हिरवं हाय, म्हंजे तूच ढिली हाय! उद्या धा वाजता माझ्या जागी दुसरी बाई येनार हाय, मॅडम. सात वरसं झाली मला तिथं. माझ्याशिवाय घरात कमावनारं कुनी न्हाय."

मी भूपेशसरांकडे धावले. हे गोदामांचे मॅनेजर. त्यांनी चहाचा घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि माझंच वाक्य, माझ्याच थाटात, हात उंच करून मला परत केलं, "मॅडम, स्क्रीन झूठ नहीं बोलती! तुम्हीच बोलला होता ना?"

तुळजाबरोबर रिक्षात बसले, अंजूरला गेले. तिचं मशीन बघितलं. फिरतंय आपलं गोल, प्रदक्षिणा घालतंय! मोबाईलला रेंज नाही. मग मी काय केलं असेल? ट्रकच्या टपावर चढले! खाली हमाल ओरडतायत, "अरे मॅडम, गिर जाओगी!" आणि मी वर उभी राहून फोन आकाशाकडे धरलेला. शेवटी एक काडी रेंज आली, स्क्रीन उघडली. अंजूरचा दिवा? हिरवा! नेट नाही, माल अडलाय, एका बाईची नोकरी चाललीय... आणि दिवा हिरवा!

खाली उतरले आणि विचारलं, "डबा कुठाय? भिंतीवर लावलेला माझा डबा?"

भिंतीवर एक खिळा आणि धुळीत एक स्वच्छ चौकोन.

"तो लडकूकाका घेऊन गेलं ना," तुळजा म्हणाली, "बारा-तेरा दिस झालं."

लडकूकाका आमचे वायरमन. साठी उलटलेली, खिशात टेस्टर, तोंडात सुपारी. मी त्यांना मानकोलीच्या ऑफिसात गाठलं. ते मला शेजारच्या खोलीत घेऊन गेले... माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे भिंत, भिंतीपलीकडे ही खोली! कपाट उघडलं. आत सहाच्या सहा डबे ओळीत बसलेले, खाली स्वच्छ फडकं अंथरलेलं, सगळे ऑफिसच्या नेटला जोडलेले. अभिमानाने म्हणतात,

"सर बोलले, लडकू, लाल दिसला नाय पायजे. मी बघितलं, हितलाच तेवढा हिरवा. मंग समद्यांना हितंच आनलं. आजारी मानसाला आपन चांगल्या हवेत न्हेतो का न्हाय? बघ, समदे कसे सुधारले!"

"अहो काका, पण ते जिथलं नेट मोजायचं तिथेच—"

"तूच बोललीस ना पोरी, डबा कुठंबी लावा, तो आपलाआपून शोधून घेतो म्हनून?"

बोलले होते हो! ही माझीच हुशारी! डबा हलला तरी तो स्वतःहून प्रॉक्सीला शोधतो आणि आपलं जुनंच नाव सांगतो, 'मी अंजूर!', अशी सोय मी मुद्दाम केली होती आणि तिच्यावर मीटिंगमध्ये वीस मिनिटं बोलले होते. मग दोष कुणाचा? काकांनी सांगितलेलं काम केलं. प्रॉक्सीने ऐकलेलं पोचवलं. आणि मी? मी बारा दिवस भिंतीला पाठ लावून भिंतीपलीकडची हवा पुण्याला अंजूर म्हणून विकली!

आता बघा पेच कसा. गप्प बसले, डबे हळूच जागेवर नेले, तर ट्रायल वाचते, तुळजा जाते. बोलले, तर तुळजा राहते आणि माझे बारा दिवस खोटे ठरतात, ट्रायल गेली, पप्पांचा डेपोतला मान गेला... संध्याकाळभर घरात येरझारा घातल्या. पप्पा म्हणाले, "बस गं जरा, फरशी झिजेल."

सकाळी नऊला भूपेशसरांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. ते डोक्याला हात लावून बसले. तुळजाला कामावरून कमी करायचा कागद ड्रॉवरमधून काढला, फाडला. म्हणाले, "ठीक है, ती राहील. पण पुण्याला लेखी पाहिजे. बारा दिवसांचा डेटा झूठ, आणि गलती कुणाची, त्याचं नाव. लडकू लिहू का?"

मी म्हटलं, "द्या इकडे. मी लिहिते."

आणि लिहिलं. 'बारा दिवसांची माहिती चुकीची आहे, अंजूरच्या तुळजाताईंचा दोष नाही. चूक माझी.' खाली माझं नाव, पूर्ण, शाळेत शिकवलेलं तसं: धम्मदिना नागसेन रोकडे. पाठवून टाकलं, पप्पांनाही एक प्रत पाठवली. म्हटलं, निदान त्यांना तरी मुलीचा अभिमान वाटेल!

पाच मिनिटांत डेपोतून फोन. "वाचलं. खरं बोललीस, चांगलं केलंस. पण बाळा, चूक तुझी होती ना... मग त्यात माझं नाव कशाला घातलंस?"