वायपरच्या दांड्यावरची दुर्बीण

मी, शर्मिला दीनानाथ कोठावदे, वय ३९, काम घरकाम, मूळ राहणार नाशिक, हल्ली मुक्काम फरवानिया, कुवेत. विचारल्यावरून पोलीस ठाण्यात समक्ष सांगते ते असे. मी मराठीत बोलत आहे. दुभाषी अशरफभाई रत्नागिरीचे आहेत, त्यांना सगळे कळते.

माझे पती दीनानाथ शुऐबा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर आहेत. त्यांचे साहेब नेमबाजीच्या स्पर्धेत उतरतात. त्यात रायफल, शॉटगन आणि पिस्तूल, तिन्हींनी पळत पळत नेम धरायचा असतो. साहेबांना रायफलीवर बसवायला दुर्बीण हवी होती. ती निवडायचे काम त्यांनी यांच्या गळ्यात मारले. साहेबांना नाही म्हणणे यांना जन्मात जमलेले नाही.

महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. झूमवाली नको, पळताना कडे कोण फिरवत बसणार, एवढे एकदाचे ठरले. मग एकाच ताकदीची घ्यायची तर कुठली? एकीत काहीच मोठे दिसत नाही, पण जवळचे निशाण झटकन सापडते. दुसरीत तिप्पट मोठे दिसते, लांबचे सापडते, जवळचे मात्र अंगावर येते. साहेबांनी दोन्ही आमच्या घरी पाठवल्या. मी हॉलमध्ये स्टीलचे ताट धरून निशाण म्हणून उभी राहिले आहे. तिकडे आमटी उतू गेली. "अहो, साहेबांना बघू द्या की त्यांच्या डोळ्यांनी!" असे मी किती वेळा म्हटले. "तुला नाही कळायचं," हे उत्तर.

गेल्या गुरुवारी खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्याकडे कामाच्या हत्यारांची पूजा असते. यांनी पान्हे, मीटर आणि शेजारी त्या दोन्ही दुर्बिणी मांडल्या. दुर्बिणीच्या नळीवर पोलिसांना लाल-पिवळे सापडले ते हळद-कुंकू आहे, दुसरे काही नाही. शुक्रवारी दसरा. नवी वस्तू दसऱ्याच्या मुहूर्तावर वापरायला काढतात. रायफल क्लबात होती. शहाण्या माणसाने दुर्बीण नुसती डोळ्याला लावून मुहूर्त साधला असता. यांनी माझा फरशीचा वायपर घेतला, दांड्यावर तिप्पटवाली चिकटपट्टीने बांधली आणि गॅलरीत गेले. लांबून ती बंदूकच दिसणार, हे शेंबड्या पोरालाही कळले असते.

संध्याकाळी पोलीस यांना घेऊन गेले. वस्तू बंदूक नव्हती, याचा खुलासा साहेबांनी केला आहे. राहिली समोरच्या इमारतीतल्या गृहस्थांची तक्रार, की आमच्या गॅलरीतून कोणीतरी त्यांच्या स्वयंपाकघरात, बाईमाणसावर दुर्बीण रोखली. वाळत घातलेल्या चादरीआड त्यांना माणूस दिसला नाही, दांडा दिसला. यांनी "मीच होतो" म्हणून लिहून दिले. त्यावरून यांना कायमचे भारतात पाठवणार, असे मला आज इथे आल्यावर समजले.

तर ऐका. त्या वेळी दांडा माझ्या खांद्याला होता. "तू बघ, दुसऱ्याच्या डोळ्याला कशी वाटते ते कळू दे," म्हणून यांनीच तो माझ्या हातात दिला आणि स्वतः आत चहा टाकायला गेले. स्वयंपाकघरात पाहिले ते मी. बायकोचे नाव पोलिसांत नको म्हणून हा माणूस खोटे लिहून देऊन गप्प बसला आहे. डोके फिरते माझे! इतक्या वर्षांच्या संसारात माझ्यासाठी कधी काही केले नाही, आणि केले ते हे.

दुर्बिणीतून समोरच्या मुमताजबाई स्पष्ट दिसल्या. भाजीच्या दुकानात आमची ओळख आहे. त्या कणीक मळत होत्या. मी चादर बाजूला करून हात केला. त्या हसल्या आणि पिठाचा हात तसाच वर करून त्यांनी मला हात केला. हे तक्रार करणाऱ्या त्यांच्या यजमानांना विचारू नका, मुमताजबाईंना विचारा.

माझे सांगणे अशरफभाईंनी मला मराठीत परत ऐकवले, ते मी बोलले तसेच आहे. "मुमताजबाईंना विचारा" हे अरबीत उतरले आहे ना, ते मी दोनदा विचारून घेतले आणि मग सही केली.