ब्रेकचा आवाज कुणाला येतो

नाही नाही मिस्त्री, ‘चीं’ नाही. चीं उंदीर करतो. हे जरा लांबतं आणि शेवटाला वर चढतं – च्यींऽऽईक! – अस्सं. हसताय काय? तुम्हीच म्हणालात ना, काकू, आवाज नीट सांगा, म्हणून? ब्रेकवर पाय ठेवला की सुरू, पाय काढला की बंद. आणि गंमत म्हणजे जोरात दाबला तर गप्प, हळू दाबला की किंचाळतं – आमच्या नणंदेसारखं, समजुतीनं घ्यायला गेलं की जास्त! पुढच्या डाव्या चाकातून येतंय. कशावरून? अहो, जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलाय मी, कानाला हेडफोन लावून. पलीकडच्याच्या नुसत्या श्वासावरून ओळखायचे, साहेब आहे की साहेबाची बायको. हां, काढा चाक, काढा.

आमचे हे? ते काय, बसलेत आत स्टिअरिंग धरून – गाडी जॅकवर लटकलीये, तरी! उतरा म्हटलं तर उतरत नाहीत. गाडी म्हणजे यांची थोरली लेक, तिच्याबद्दल ब्र काढायची सोय नाही. चालवता मलाही येते, लायसन आहे, पण हे चावी सोडतील तर ना. या आवाजावरून किती भांडलोय आम्ही! मी म्हणायची, अहो, ब्रेक ओरडतोय. हे म्हणायचे, तुला भास होतात. मी म्हटलं, रस्त्यावरचं कुत्रं दचकून उठलं, त्यालाही भास झाला का? तर म्हणे, कुत्री भित्रीच असतात. शेवटी मी काय केलं, मोबाइलवर रेकॉर्ड केला आवाज. मुलाला पाठवला – त्याचा लगेच फोन, आई, आजच्या आज गॅरेजला न्या. आणि यांच्या कानाशी धरला, तर डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, वा, शांतता छान रेकॉर्ड झालीये! असा राग आला मला – दिवसभर बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही, ते वेगळंच.

काय सापडलं? बघू. एवढीशी पत्र्याची पट्टी? ही ओरडत होती? ... काय सांगता! मुद्दाम लावलेली असते? म्हणजे ब्रेक पॅड झिजत आला की ही चकतीला घासते, आणि ओरडून सांगते, बाबांनो, मला बदला – असं? बघा! म्हणजे बिघाड नव्हता तो, निरोप होता. मीच ऐकत होते तेवढी. आता नवे पॅड टाकले की गप्प ना? टाका टाका, दोन्ही चाकांना टाका. एक नवरा नवा आणि एक जुना असं चालत नाही म्हणे गाडीत.

झालं बसवून? आता यांनी पेडल मारायचं? मग हाक मारा की, त्यासाठीच बसलेत. ... अहो, दाबा म्हणतायत! ... मोठ्यांदा म्हणा मिस्त्री, काच लावलेली असेल. नाही? उघडी आहे? पूर्ण?

अहो! ... दाबा हो!

थांबा, मी समोर जाऊन खूण करते. हां, दाबलं बघा. आता दाबतायत छान, हसतायतही.

काच उघडी होती, नाही का?

काय विचारलंत – कधीपासून? मला काय माहीत कधीपासून! मला तर... अहो, छापखान्यात होते ना हे, अख्खी नोकरी मशीनच्या शेजारी उभं राहून, शेजारच्याशीसुद्धा खुणांनी बोलायचं. पण घरी बोलतात की माझ्याशी! म्हणजे – समोर असले की बोलतात. स्वयंपाकघरातून हाक मारली की नाही. आणि दिवे गेले की एकदम गप्प, मला वाटायचं रुसले. आणि मिस्त्री, कुणाला सांगू नका – गेलं वर्षभर मी बोलायला लागले की हे हातातला पेपर खाली ठेवतात. टक लावून बघत राहतात माझ्या तोंडाकडे. इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं तसं! मला वाटलं, चला, उशिरा का होईना, माणूस प्रेमात पडला. आणि मी येडी – या वयात लिपस्टिक आणली हो! गुलाबी. रोज लावते. हे बघा, आत्ताही आहे.

ओठ वाचत होते मेले.

हसा, हसा, मलाच हसू येतंय. पण म्हणजे यांना ठाऊक आहे, नाही का? ठाऊक असल्याशिवाय कोण असं बघेल? आणि मला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर मी चावी काढून घेईन. घेईनच! परवा मागं घेताना एक पोरगी सायकलवरून आली, घंटी वाजवतेय, मी मागं उभी राहून ओरडतेय थांबा थांबा – थोडक्यात वाचली. मी घरी येऊन इतकं बोलले यांना, की लक्ष कुठं असतं तुमचं म्हणून. मान खाली घालून बसले. मान खाली, म्हणजे त्यातलंही काही पोचलं नसणार. एका परीनं बरंच झालं, फार लागट बोलले होते मी.

आता यावर ओरडून काय उपयोग? उद्या कानाच्या डॉक्टरकडे नेते. येणार नाही म्हणतील, येतील. पण आत्ता घरी जायचंय, भर रहदारीतून, त्याचं काय? तुम्ही नका काही बोलू त्यांच्याशी, परक्यासमोर लाज वाटेल त्यांना. चाक लावलंत? जॅक काढा. आणि थोडं सरका, त्यांना माझं तोंड दिसू द्या.

...

बघितलंत? आधी कसे चपापले! मग मान हलवली. आणि सरकले की मुकाट्यानं बाजूच्या सीटवर – चावी तशीच ठेवून! तुम्हाला ऐकू आलं का, मी काय म्हणाले ते? येणार कसं, आवाज काढलाच नव्हता मी. नाही, सांगायची नाही. नवराबायकोतलं आहे ते, तुम्हाला कशाला हव्यात चौकशा? व्हा बाजूला, मला गाडी काढायचीये.