माणूस बघितल्याशिवाय नाही

(आईचं जडीबुटीचं दुकान. एका बाजूला मुलगी पुस्तक घेऊन बसलीय. गल्लीतल्या गॅरेजचा मेकॅनिक आलाय.)

आई : कोणासाठी हवाय ओवा?

मेकॅनिक : बाबांसाठी. पोट दुखतंय त्यांचं.

आई : मग बाबांना घेऊन ये. माणूस बघितल्याशिवाय मी चिमूटभरही देत नाही, ठाऊक आहे ना?

मेकॅनिक : आणलं असतं हो मावशी. पण त्यांना सरळ उभंच राहता येत नाही.

आई : काय सांगतोस! दुखतंय कुठे?

मेकॅनिक : आधी बेंबीपाशी होतं. आता उजवीकडे, खाली. अंगही तापलंय.

आई : मग इथे माझं तोंड काय बघतोस? ओवा गॅसला. हे गॅसचं दुखणं दिसत नाही. गॅरेजमधली एखादी गाडी काढ आणि थेट हॉस्पिटल गाठ. वाटेत त्यांना काही खायला-प्यायला देऊ नकोस.

मेकॅनिक : तुमच्या दुकानात कधी काही मिळतच नाही बुवा!

आई : नकार मिळतो की. तोही फुकट. पळ!

मुलगी : आई, अशी गिऱ्हाइकं परतवलीस तर दुकान चालायचं कसं?

आई : इतकी वर्षं चाललंच ना? तू आपली पुस्तकात डोकं घाल. आणि काय गं, मघापासून एकच पान वाचतेयस?

मुलगी : अवघड आहे पान.

आई : असेल बाई. ती बडीशेप जरा पाखडून... नको, राहू दे. हात खराब होतील.

मुलगी : बडीशेपेने?

आई : सवयीने. मघाशी शिंपीणबाईंना तेच सांगत होते. माझी पोर छापायच्या आधी पुस्तकं तपासते, तिला मी या पोत्यांत बसवणार नाही. मी आहे तोवर दुकान. नंतर टाळं.

मुलगी : आई, मी काय म्हणत होते...

आई : उद्या म्हण. पुदिन्यावर ऊन आलंय बघ. तो सावलीतच वाळायला हवा, नाहीतर वास उडतो. आधी आत घे.

मुलगी : बरं. उद्या.

(त्या रात्री आई झोपेतच गेली. पुढच्या महिन्यातली दुपार. दुकानात मुलगी आणि तिचा मोठा भाऊ.)

दादा : संध्याकाळी घाऊकवाला येऊन पोती उचलेल. जागामालकाला किल्ली दिली की आपण सुटलो. तो तराजू तू घरी नेतेस का? आठवण म्हणून?

मुलगी : तराजू इथेच राहू दे.

दादा : भंगारात जाईल गं.

मुलगी : नाही जाणार.

शिंपीणबाई : आहे का कोणी? अगंबाई, दोघंही! आई गेल्यापासून आज पहिल्यांदा दार उघडं दिसलं. घसा बसलाय बघ माझा. मूठभर ज्येष्ठमध दे. रोज चघळीन म्हणते.

दादा : घ्या की काकू, हवा तेवढा घ्या. तसाही सगळा जायचाच आहे.

मुलगी : दादा, ठेव तो खाली. काकू, बसा. कधीपासून बसलाय घसा?

शिंपीणबाई : कालपासून. शाळेचे गणवेश शिवायचेत, दिवसभर कामवाल्या पोरींवर ओरडतेय.

मुलगी : ताप? गिळताना दुखतं?

शिंपीणबाई : छे.

मुलगी : रक्तदाबाची गोळी घेता ना?

शिंपीणबाई : घेते. तिचा घशाशी काय संबंध?

मुलगी : ज्येष्ठमधाशी आहे. रोज चघळलात तर दाब वाढेल. तुम्हाला तो नको. आलं ठेचून गरम पाण्यात घाला, कोमट झालं की थोडा मध. आणि ओरडणं बंद. तरी आवाज सुटला नाही, तर डॉक्टरांना घसा दाखवा.

शिंपीणबाई : ओरडले नाही तर बाह्या उलट्या लावतात गं त्या! बरं, दे आलं.

मुलगी : आलं भाजीवाल्याकडे मिळेल.

शिंपीणबाई : घ्या! आईसारखंच रिकाम्या हाताने पाठवलंस. येते मी.

दादा : हे तुला कुठून कळलं?

मुलगी : ऐकून.

दादा : तू तर सुट्टीच्या दिवशी इथे पुस्तक घेऊन बसायचीस.

मुलगी : घेऊन बसायचे.

दादा : अच्छा! तरीच. पण बये, एक गिऱ्हाईक परतवणं वेगळं आणि दुकान चालवणं वेगळं. नोकरी आहे तुझी.

मुलगी : साहेबांशी बोलले काल. सकाळी तिथे, दुपारनंतर इथे. शिकायचं पुष्कळ राहिलंय. जे येत नाही, ते देणार नाही.

दादा : आणि घाऊकवाला? मी शब्द दिलाय त्याला.

मुलगी : फोन लावून दे. मी बोलते. शिव्या घालायच्या तर त्याने मला घालाव्यात.

दादा : मालक?

मुलगी : त्यांनाही मीच भेटते. किल्ली आण इकडे.

दादा : घे. पण एक सांगू? आईला हे नको होतं. साऱ्या गल्लीला सांगत फिरायची ती, पोरीला पोत्यांत बसवणार नाही म्हणून.

मुलगी : तिला काय हवं होतं ते गल्लीला माहीत आहे. मला काय हवं होतं ते तिलाही माहीत नव्हतं.

दादा : मग बोलायचं होतंस.

मुलगी : किती हौसेने सांगायची रे ती, माझी पोर पुस्तकांत असते. त्यात मी काय बोलणार?

दादा : आता बोल. मी बाहेर थांबू का?

मुलगी : नको, थांब इथेच. ...आई, पुस्तकं मला आवडतात गं. पण व्हायचं होतं तुझ्यासारखं.