बारावीची रेघ आणि माझा उजवा हात

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा मोहिनीताई, मंचावर सन्मानाने बसलेले लहानूदादा, त्यांची लेक आणि आपली सत्कारमूर्ती तेजस्विनी, आणि गंगापूर रोडच्या ज्येष्ठ नागरिक मंडळातल्या माझ्या सोबत्यांनो,

वाल्मीक मास्तरांचा नमस्कार. मला तीन मिनिटं मिळाली आहेत. चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाची तेवढी फळा पुसण्यातच जातात, तरी प्रयत्न करतो.

आपल्या सगळ्यांचे गुडघे-खांदे चालते ठेवणारी ही फिजिओथेरपिस्ट सोमवारपासून हरसूलला, आपल्या गावी, स्वतःचं केंद्र चालवणार. आनंदाचीच गोष्ट. पण टाळ्या वाजवण्याआधी माझी एक गोष्ट ऐका.

दोन वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा आखडला. शर्ट घालता येईना, फडताळातला डबा काढता येईना. माझी पत्नी सुवर्णा गेल्यापासून घरात डबा काढून देणारं दुसरं कोणी नाही. तेजस्विनी मंगळवारी आणि शुक्रवारी येऊ लागली. यंत्रबिंत्र काही नाही. पाठीवर झोपून दोन्ही हातांनी काठी डोक्यामागे न्यायची. मग भिंतीवर बोटं चढवायची. "सर, मुंगीसारखी. खांदा कानाकडे नाही न्यायचा. दुखलं तर थांबा, पण सोडून देऊ नका." पुढे हातात अर्धा लिटर पाण्याची बाटली आली.

बोटं पोचतील तिथे पेन्सिलीने खूण करायची. मी भिंत निवडली ती आमच्या मुलाच्या, कुंदनच्या, उंचीच्या खुणांची. दर वाढदिवसाला सुवर्णा त्याला तिथे उभा करून रेघ मारायची, शेजारी इयत्ता लिहायची. रंगाऱ्याला मी तेवढी भिंत सोडायला लावली होती. पहिल्या आठवड्यात माझी बोटं चौथीच्या रेघेला अडकली. दिवाळीपर्यंत दहावी गाठली. शेवटची रेघ बारावीची. त्यानंतर पोरगा बंगळूरला गेला.

बारावी ओलांडली की उपचार संपणार, हे मला कळत होतं. जन्मभर पोरांची कॉपी पकडणाऱ्या मास्तराने मग काय केलं असेल? मी दहावीपाशीच थांबलो. ती आली की बोटं तिथे अडवायची, "आई गं" म्हणायचं. वर्षभर! एकटा असताना हात सरळ छताकडे जायचा. मला फक्त ती यायला हवी होती.

दसऱ्याला फसलो. सण म्हणून दारावर झेंडूचं तोरण बांधलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. तिने वर पाहिलं. "तोरण कोणी बांधलं, सर?"

"शेजारच्या रुद्रने."

रुद्रच्या दाराला आठ दिवसांचं कुलूप, तिच्या डोळ्यांसमोर! ती आत आली, स्वतः चहा ठेवला आणि म्हणाली, "चला, मुंगी चढवा." मंगळवारी पुन्हा आली. आजपर्यंत येत राहिली.

मघाशी लहानूदादा म्हणाले, "गुर्जी, पोरगी तुमचं नाव लय घेते." दादा, तुमच्या लेकीचा वेळ मी खोटं बोलून घेतला. हरसूलला खरोखर न उठणारे हात तिची वाट पाहताहेत.

मंडळाने बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. ही एक लबाडी मात्र तेजस्विनीनेच माफ करायची. हा बघ बाई, उजवा हात, पूर्ण वर. तू दहापर्यंत मोजायचीस, मगच खाली घ्यायचा.

मोज. सावकाश मोज.