पेन्शनवाल्याच्या दारातली गाडी

(आळेफाट्यावरचं दादाभाऊचं गॅरेज. निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी बाळासाहेब दुरुस्तीला टाकलेली स्कूटर न्यायला आलेत. दोघं निमगाव सावाच्या शाळेत एका बाकावरचे.)

दादाभाऊ : अकराशे ऐंशी झाले, साहेब. ऑइल, ब्रेक अन् क्लचची वायर.

बाळासाहेब : बिल दे.

दादाभाऊ : बिल केलं की जीएसटी आला. कागदावर लिहून देऊ का असंच? तुमाला म्हना काय फरक पडतोय, म्हैन्याच्या म्हैन्याला सरकार घालतंय.

बाळासाहेब : सकाळी गाडी टाकली तेव्हापासून साहेब, साहेब लावलंयस. काय झालंय तुला?

दादाभाऊ : मला काय व्हतंय? आमी टॅक्स भरायचा, तुमी पेन्शन खायची. ठरलेलंच हाय.

बाळासाहेब : चौतीस वर्षं नोकरी केली, दादा.

दादाभाऊ : नोकरी! जीपमधनं यायचं, शाळेत खुर्ची टाकून बसायचं, पोहे खायचे अन् वहीत शेरा मारायचा, 'प्रगती समाधानकारक.' कुनाची प्रगती? पटावर पोरं चौदा अन् तपासायला तुमी तिघं.

बाळासाहेब : जीप शेवटची सहा वर्षं. त्याआधी अकरा वर्षं डोंगरातल्या शाळेवर होतो. गाडी पायथ्याला सोडायची, पुढं चालत. ते नाही आठवत तुला.

दादाभाऊ : आठवतंय की. त्याच टायमाला मी ट्रकखाली उताना पडलेला व्हतो. त्याची कुठाय पेन्शन? कंबर गेली माझी, तिला देतंय का कुनी महागाई भत्ता? तुझा वर्षातनं दोनदा वाढतो. मी धा रुपये मजुरी वाढवली तर गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात जातंय.

बाळासाहेब : हे मात्र खरं आहे.

दादाभाऊ : काय खरं हाय?

बाळासाहेब : भत्ता वाढल्याचा मेसेज आला की बरं वाटतं. आणि कंबर धरून चालताना तू दिसलास की तेवढं बरं वाटत नाही. पण मी काही लुबाडलेलं नाही रे. नोकरीला लागलो तेव्हाच ते ठरलेलं होतं. माझ्यानंतर जी पोरं मास्तर झाली, त्यांना माझ्यासारखी पेन्शन नाही. ती पण माझ्याकडं तुझ्यासारखीच बघतात.

दादाभाऊ : बघनारच. मी बी जळतो तुझ्यावर. सरळ सांगतो, लई जळतो.

बाळासाहेब : माहीत आहे. पण इतकी वर्षं हसत जळायचास. आज वेगळं आहे.

दादाभाऊ : गुरुवारी तुझ्या दारात पांढरी गाडी कुनाची उभी व्हती?

बाळासाहेब : आलं का शेवटी ओठावर.

दादाभाऊ : अवसरीच्या रखमाजींची. त्यांची वृषाली आमच्या सुदर्शनला सांगून आलीय. मंगळवारी घर बघाया आले. माझ्या बायकूनं, मोहिनीनं मासवडी केली, तीन तीनदा वाढून घेतली त्यांनी. अन् गुरुवारी गाडी तुझ्या दारात! का? तर तुझ्या शौर्याच्या बापाला पेन्शन हाय. तुझं पोरगं सहा वर्षं पुण्यात परीक्षाच देतंय. माझं पोरगं डोळं मिटून इंजिन खोलतंय. तरी गाडी तुझ्या दारात.

बाळासाहेब : चौकशीला आले होते.

दादाभाऊ : शौर्याच्या?

बाळासाहेब : सुदर्शनच्या. गावातल्या पोराची चौकशी लोक मास्तरकडंच करतात, एवढं तुला ठाऊक नाही? मी म्हणालो, डोळे झाकून मुलगी द्या. तेव्हा त्यांनी खिशातून एक कागद काढला. तुझ्या इन्कम टॅक्स रिटर्नची झेरॉक्स.

दादाभाऊ : मीच दिली व्हती. बायोडाटाला जोडून. म्हनलं, बघू द्या त्यान्ला, हे टॅक्स भरनाऱ्याचं घर हाय. कुनाच्या पेन्शनीवर बसलेलं न्हाय.

बाळासाहेब : देण्याआधी वाचलीस का?

दादाभाऊ : मला काय कळतंय त्यातलं? मंचरचा वकील भरतो, मी सही करतो.

बाळासाहेब : गॅरेजचं वर्षाचं उत्पन्न, चार लाख ऐंशी हजार. त्यावर टॅक्स, शून्य.

दादाभाऊ : शून्य?

बाळासाहेब : शून्य. रखमाजी म्हणाले, गुरुजी, महिन्याला चाळीस हजार, त्यात बापलेक दोघं राबणार. यापेक्षा तुमची एकट्याची पेन्शन जास्त. मग मी तुमच्या शौर्यालाच का देऊ नये?

दादाभाऊ : अरं पन ते कागदावरचं! खरं त्याच्या तिप्पट हाय!

बाळासाहेब : हळू बोल. बाहेर गिऱ्हाईक उभं आहे.

दादाभाऊ : जीएसटी तरी भरतो ना मी?

बाळासाहेब : तो गिऱ्हाईक भरतं. मी पण आत्ता भरला असता, बिल दिलं असतंस तर.

दादाभाऊ : म्हंजी माझ्याच हातानं घालवलं म्हन की मी. मग? देतो म्हनले का शौर्याला?

बाळासाहेब : देत होते. मला मोह झाला, तुझ्यापाशी कशाला लपवू? शौर्याची आई तर लगेच कॅलेंडर काढून बसली. पण रखमाजींना म्हणालो, पेन्शन माझी आहे, पोराची नाही. मी गेलो की थोडीफार हिला मिळेल, त्याला काहीच नाही. सुदर्शनच्या हातातला पाना उद्या कोण काढून घेणार आहे?

दादाभाऊ : असं म्हनलास तू?

बाळासाहेब : म्हणालो. रविवारी ते परत येतायत तुझ्याकडं. खरा आकडा तुझ्या तोंडून ऐकायला.

दादाभाऊ : खरा आकडा कसा सांगू रे? आजपत्तोर मोहिनीला बी सांगितला न्हाय.

बाळासाहेब : सांगावा लागेल.

दादाभाऊ : तू ये मग रविवारी. माझ्या बाजूनं बस. तू शेजारी असला म्हंजी त्यान्ला खरं वाटंल.

बाळासाहेब : येतो.

दादाभाऊ : पन एक सांगतो. माझ्या घरात पेन्शनचं नाव काढायचं न्हाय.

बाळासाहेब : नाही काढत. हे घे, अकराशे ऐंशी.

दादाभाऊ : थांब जरा. बिलबुक कुठं ठेवलंय, बघू दे.