पसंतीचं चर्च

(रविवारची दुपार. चर्चचा कारभार पाहणारे दोन वडील या कुटुंबाला सभासद करून घ्यावं का ते बघायला आले होते; चहा घेऊन नुकतेच जिना उतरलेत. पाळण्यात तान्ही मुलगी कुरकुरतेय.)

नवरा: तुला गप्प बसायला काय झालं होतं गं?

बायको: त्यांनी विचारलं, मी सांगितलं. चर्चच्या वडिलांपुढे खोटं बोलू?

नवरा: अगं, पण इतकं खरं कुणी बोलतं? त्यांनी विचारलं, घरात रोज प्रार्थना होते का? तर तू म्हणे, "नाही. रविवारी जेवताना हे उपदेशातल्या चुका काढतात, तेवढंच!"

बायको: मग? काढत नाहीस?

नवरा: बिस्किट तसंच हातात राहिलं त्या बिचाऱ्याच्या.

बायको: राहू दे. या शहरात आलो तेव्हा ही पोटात होती. आता दात येतायत, तरी बाप्तिस्म्याचा पत्ता नाही. का? तर साहेबांना चर्च पसंत पडेना! माझ्याशी लग्न ठरवताना तरी एवढा विचार केला होतास का?

नवरा: म्हणजे काय, दिसेल त्या चर्चमध्ये शिरायचं? त्या नदीजवळच्या चर्चचा पाळक काय म्हणाला? येशूचं पुनरुत्थान म्हणजे मनातली आशा! कबर रिकामी होती की नव्हती, ते काही सांगेना.

बायको: ते सोडलं ते बरंच केलंस. तिथे मीही पाऊल ठेवणार नाही. पण बाजारामागच्या चर्चचं काय चुकलं? किती जीव लावला त्या बायकांनी हिला.

नवरा: दर रविवारी सगळे मिळून म्हणतात त्या विश्वासांगीकारातली एक ओळ गाळली त्यांनी.

बायको: एक ओळ!

नवरा: आज एक ओळ, उद्या अख्खं पवित्र शास्त्रच माळ्यावर!

बायको: झालं, मिळालं ना आता चर्च? जुन्या प्रेस्बिटेरियन वळणाचं, शास्त्राला धरून, तुला हवं तस्सं कडक. त्यांनी तुलाच तपासलं तर लगेच तोंड वाकडं?

नवरा: विश्वासाबद्दल विचारायचं ना मग. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं लहानपणापासून पाठ आहेत मला.

बायको: विचारलं की. घडाघडा बोललासही. पण "मुलीसाठी देवाजवळ काय मागता?" म्हटल्यावर पंख्याकडे बघत बसलास.

नवरा: वायरमन माणूस मी. पंखा आवाज करत होता.

बायको: पंखा बंद होता!

नवरा: संपलं म्हणजे. नाही घेणार ते आपल्याला चर्चमध्ये. हिचा बाप्तिस्माही राहिला.

बायको: नाही कुठे म्हणाले? घरात प्रार्थना सुरू करा, आम्ही पुन्हा येतो, म्हणाले. कर की सुरू. अडलंय कुठे?

नवरा: चर्चमध्ये उभं कर, कितीही वेळ करतो. घरात नाही जमत. लाज वाटते.

बायको: लाज? कुणाची?

नवरा: तुझी. तुला मी कसा आहे ते सगळं माहितीय ना.





बायको: घे तिला.

नवरा: आत्ता?

बायको: मग काय, पुढचं चर्च शोधल्यावर? घे. मी डोळे मिटते.

नवरा: हे प्रभू, आमची ही... ही जी... अगं, बघू नकोस ना माझ्याकडे.

बायको: मी नाही बघत. ती बघतेय.