सातवं शिंग

उरकुया : कातर खाली ठेव आधी! आईच्या हातचा शिर्दाक आहे तो. तुझ्या कॉलेजात चिंध्या करायला नाही दिलेला.

बेगिमाय : कापत नाहीये, ताएजे. कातर कागदासाठी आहे. नक्षी कागदावर उतरवून घेतेय फक्त. चित्रकलेच्या वर्गात सांगितलंय, आपल्या गावाचा नकाशा करा, पण भूगोलाच्या पुस्तकातल्यासारखा नको. म्हटलं, मावशीकडे जावं आणि आजीच्या या शिर्दाकवरून, या नक्षीच्या लोकरी बुरणुसावरूनच सुरुवात करावी.

उरकुया : चार वर्षं बिश्केकला राहून हेच शिकलीस? मेंढ्याची शिंगं आहेत ती. सगळ्यांच्या घरी असतात.

बेगिमाय : किती शिंगं?

उरकुया : सहा.

बेगिमाय : सात आहेत.

उरकुया : ते एक चुकलेलं. इकडे तीन, तिकडे तीन, आणि हे कोपऱ्यात वाकडं. ‘सालिमा, तुझा मेंढा पळाला गं!’ म्हणून आख्खी आळी हसायची. आई आपली शिवत राहायची. चहा पी, गार होतोय.

बेगिमाय : मम्मीला लग्नात दिलेल्या शिर्दाकवरही ते आहे. त्याच कोपऱ्यात, तसंच वाकडं. तो तर याच्यानंतर कितीतरी वर्षांनी केला ना? माणूस एकदा चुकेल. तीच चूक, त्याच जागी, दोनदा?

उरकुया : चहा पी म्हटलं ना.

बेगिमाय : हे बघा तरी. खाली गावाचा छापील नकाशा, वर माझा पातळ कागद. ही निळी किनार म्हणजे नदी. आणि ही सहा शिंगं...

उरकुया : नको दाखवूस.

बेगिमाय : खाणीच्या गाळाचे सहा ढिगारे. तारेचं कुंपण आणि युरेनियमची पाटी असलेले. अगदी जागच्या जागी! ताएजे, आजी खाणीच्या कचेरीत काय करायची?

उरकुया : हळू बोल. ती खिडकी लाव.

बेगिमाय : ऐकायला आहे कोण? ती खाण गेली, ते राज्यही बुडालं.

उरकुया : तुला बोलायला काय जातंय! ट्रक मोजायची ती. भरलेले कुठे गेले, रिकामे किती आले. सही घेतली होती तिची. पाहिलं ते बोलायचं नाही. घरात नाही, नवऱ्याशी नाही, मरेपर्यंत नाही. तिच्या कचेरीतला एक जण दारूच्या नशेत बोलला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही. आई झोपेत आकडे पुटपुटायची आणि सकाळी आम्हालाच विचारायची, ‘मी रात्री काही बोलले का गं?’ ती भीती मला दुधातून पाजलीय तिने. अजून उतरली नाही.

बेगिमाय : म्हणून बोलली नाही ती. शिवून ठेवलं. पण मग या सातव्याला कुंपण का नाही? नदीच्या वळणावर येतंय हे... जर्दाळूच्या झाडांच्या वरच्या अंगाला.

उरकुया : कुठे?

बेगिमाय : जर्दाळूंच्या वर.

उरकुया : तुझा कागद सरकला असेल. परत लाव. नीट लाव.

बेगिमाय : लावला. तिथेच येतंय.

उरकुया : तिथे माझा पोरगा तुरात घर बांधतोय! सकाळपासून पाया खणतोय. आणि उद्या अशार. चाळीस माणसं येतील फावडी घेऊन, गावातल्या प्रत्येक घरातून एक. अल्ला! फोन लाव त्याला.

बेगिमाय : लागत नाहीये. मी पळत जाते.

उरकुया : तू नको जाऊस तिथे! थांब... मोटारसायकल वाजली.

(तुरात दारात येऊन आईला हाक मारतो. खांद्यावर मातीचं पोतं.)

तुरात : आपा, तुमच्या तंदूरला माती आणलीय. लोण्यासारखी आहे बघा, हात लावून...

उरकुया : बाहेर! पोतं बाहेर ठेव. आपटू नकोस, हळू!

तुरात : साप निघाला की काय त्यात?

उरकुया : किती खणलंस?

तुरात : गुडघाभर. मग सिमेंटच लागलं. म्हटलं, वा रे नशीब, कुणीतरी पाया घालूनच ठेवलाय! उद्या पोरं घण घालून बघतील किती जाड आहे ते.

बेगिमाय : तुम्ही फोडलं नाहीत ना, तुरात बाइके?

तुरात : एक टवका उडाला. का गं?

बेगिमाय : तो पाया नाही. झाकण आहे. खाली खाणीचा गाळ आहे.

तुरात : कुणी सांगितलं?

बेगिमाय : आजीने. या शिर्दाकवर.

तुरात : आता सतरंज्याही बोलायला लागल्या! शहरात काय शिकवतात गं तुम्हाला? आपा, हिला जरा... आपा, तुम्ही रडताय?

उरकुया : कपडे बाहेरच काढ. साबणाने हात धू, नखांतलंसुद्धा काढ. मला फार भीती वाटतेय रे. आयुष्यभर हसलो आम्ही तिला.

तुरात : खरं आहे हे? मग उद्याचं काय? मेंढा आणलाय, घरोघर सांगून आलोय. येऊ नका म्हटलं तर कारण विचारतील.

उरकुया : येऊ देत. मेंढा काप. पण जेवण इथे, आपल्या अंगणात. जर्दाळूंकडे कुणी पाऊल टाकायचं नाही. हा शिर्दाक मधोमध अंथर. मी एकेक शिंग दाखवून सांगते.

बेगिमाय : आणि ती सही, ताएजे? मरेपर्यंत न बोलण्याची?

उरकुया : सही आईने केली होती, पोरी. मी कुठे केलीय?